अरुंद खिडकीतलं वेळापत्रक

४ नोव्हेंबर

नवरा आज ऑफिसात लहान मुलासारखा खेळत होता. ब्राउझरची खिडकी कडेला धरून अरुंद करायची, पुन्हा रुंद करायची. बससेवेच्या वेबसाइटचं नवं पान. केलंय कुरळीने — कुरळ्या केसांची, या एका कामापुरती बोलावलेली पाहुणी. खिडकी रुंद असली की सगळ्या गाड्यांचा मोठा तक्ता. मोबाइलएवढी अरुंद केली की तक्ता मोडून एकेका गाडीची वेगळी चौकट, एकाखाली एक. कुठे अडत नाही, सांडत नाही.

"बघ ना, किती सहज केलंय," मला म्हणतो.

बघितलं. आधीचा तक्ता माझा होता! मोबाइलवर मी तो नुसता बारीक केला होता — ज्याला वाचायचंय त्याने बोटांनी मोठा करावा. तेव्हा नवऱ्याला त्यात काही खटकलं नव्हतं. कोड त्यानेच लिहिला होता.

५ नोव्हेंबर

तिचे केस खरंच छान आहेत. लिहून टाकलं. आता विसरायचं.

७ नोव्हेंबर

मी डिझाइन करायचं, त्याने कोड लिहायचा — लग्नाआधीपासून हेच. आता तो आणि कुरळी एका टेबलाशी. मला 'ताई, तुम्ही', त्याला सरळ अरे-तुरे! माझ्याहून फार तर तीन वर्षांनी लहान असेल.

भाजी चिरता चिरता विचारलंच, तुला आवडते का ती? म्हणाला, तिचं काम आवडतं. आणि माझं?

"तुझं काय, तुझं आहेच की."

आहेच की!

१० नोव्हेंबर

सापडलं! सासऱ्यांच्या मोबाइलवर अक्षरं कायम मोठी केलेली असतात. सहज म्हणून त्यांना कुरळीचं पान उघडून दिलं.

"अगं, ही सहाची गाडी सकाळची की संध्याकाळची?" बाबा म्हणाले.

तिने चौकटीची रुंदी पक्की बांधलीय. अक्षरं मोठी झाली की ओळीचं शेपूट कापलं जातं. सहा दिसतात, सकाळ-संध्याकाळ गायब.

नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं. मिटलं. उद्या बससेवेच्या बाई पान बघायला येणार आहेत.

११ नोव्हेंबर

बाबांचा मोबाइल मागून नेला आणि सगळ्यांसमोर बाईंच्या हातात दिला. त्यांनी पान वर-खाली सरकवून पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, की त्यांचे निम्मे प्रवासी म्हातारे आहेत. साइट लांबणीवर. कुरळीचा चेहरा उतरला. मान वर केली नाही तिने.

वाटलं होतं, फार बरं वाटेल. वाटलंही — जिना उतरेपर्यंत.

घरी दारात किल्ली काढताना नवरा म्हणाला, "चूक दाखवलीस ते बरोबरच. पण तिला आधी एकटीला सांगता आलं असतं."

आलं असतं.

१२ नोव्हेंबर

कुरळी खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आली. भांडणार, असं धरून मी पदर खोचून तयार. तिने विचारलं काय, तर ते मला दिसलं कसं. बाबांचं सांगितलं. कालचं माझं चुकलं, हेही म्हणाले — तिच्याकडे न बघता. ती म्हणाली, "ताई, राग आला होता. पण चूक खरी होती."

मग दिवसभर दोघी एका स्क्रीनशी. चौकट अक्षरांबरोबर वाढू दिली, ओळ मावली नाही तर खाली उतरू दिली. तिचा हात झरझर चालतो. पण वाचणाऱ्याला आधी काय हवं असतं, ते तिला चटकन दिसत नाही. मला दिसतं.

नवरा दोनदा विचारून गेला, निघायचं का? म्हटलं, तू हो पुढे.

१५ नोव्हेंबर

साइट सुरू झाली. बाबांनी न विचारता संध्याकाळची गाडी शोधली.

कुरळी मला एकटीलाच चहाला घेऊन गेली. इथलं काम संपलं. स्वतःचं ऑफिस काढणार, सोबतीला कुणीतरी हवंय. माझ्या नवऱ्यालाच नेणार ही! म्हटलं, त्याला विचार, माझी काही हरकत नाही.

"त्याला कशाला?" ती म्हणाली. "कोड लिहिणारे मिळतील. मला तुम्ही हव्या आहात."

१६ नोव्हेंबर

कुरळीला मी हो म्हणाले. घरी सांगितलं. नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला.

"आणि मी?"