तळ्याचा आवाज कधीचा

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस आणि वहिनी दर वेळी सांगते, "ते झोपलेत." संध्याकाळी सहाला! उभ्या जन्मात दिवेलागणीला तुला आडवं झालेलं मी पाहिलं नाही. वहिनीला खोटं बोलता येत नाही, बिचारीचा आवाजच पडतो. तिला आणखी छळायचं नाही म्हणून शेवटी कागद घेतला. न वाचता फाडू नकोस, एवढंच.

तू बर्फाच्या कारखान्यात लागलास हे तिच्याकडूनच कळलं. दिवसभर लाद्या ओढतोस, हातमोजे मिळालेत पण ते तुझ्या पंजाला पुरत नाहीत म्हणे. होडी अंगणात पालथी पडली आहे आणि वहिनी तिच्यावर चादरी वाळत घालते. हे तिने हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही.

मी कॉलेजात होते तेव्हाची ती दोन वर्षं आठवतात? तळ्यातले आवाज टेप करायला पाण्याखालचा माइक मी उसना आणला होता आणि तू म्हणाला होतास, "मासे काय बोलणार आहेत तुझ्याशी, भुंगे?" मग हेडफोन तुझ्या कानाला लावला, तर तू वल्हं मारायचंच विसरलास. तेलात मोहरी तडतडावी तसा कोळंबीचा तडतडाट. पाणगवतातून सुटणाऱ्या बुडबुड्यांची टिकटिक. आणि भरती आत शिरली की माशांची ती कुरकुर, एकाने सुरू केली की दहा जण ओ द्यायचे. त्यानंतर मला न्यायचा कंटाळा तू कधीच केला नाहीस. उलट मी अंथरुणात लोळत असले की दारावर थापा मारायचास, "ऊठ, पाणी चढतंय."

गेल्या वर्षी तळ्याच्या आवाजांच्या प्रदर्शनाचं काम मिळालं, तेव्हा मी तुझ्याच होडीतून तीन आठवडे फिरले. माइक आता माझा स्वतःचा होता, उसन्यापेक्षा दसपट चांगला. पण नव्या धक्क्यासाठी तळ्याच्या तोंडाशी दगडी बांध घातल्यापासून समुद्राचं पाणी धड आत येत नव्हतं, आणि मला धक्क्याच्या कामावरच्या पंपाच्या घरघरीखाली काही म्हणता काही सापडेना. मी सांगेन तिथे तू वल्हवत होतास. मीच म्हणत राहिले, जागा चुकली असेल, वेळ चुकली असेल. पत्रकं छापून झाली होती. प्रदर्शनासाठी घेतलेल्या गोदामात बारा लाकडी पिंपं येऊन पडली होती, प्रत्येकात एक स्पीकर बसवायचा होता. अशा वेळी मी माळ्यावरून आपल्या जुन्या कॅसेटींचं खोकं काढलं. अठरा वर्षांपूर्वीचं तळं पिंपांत भरलं आणि दार उघडलं.

लोक वेडे झाले, दादा. पोरं पिंपांना मिठी मारून उभी राहायची. तळ्याकाठी चाळीस वर्षं राहिलेल्या एक निवृत्त बाई माझा हात धरून म्हणाल्या, "मी याला नुसतं वास मारणारं पाणी समजत होते गं." मी स्वतःला समजावलं, की आधी लोकांचा जीव जडू दे, मग खरं सांगू. तू पहिल्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास. तिसऱ्या पिंपाला कान लावून बराच वेळ वाकून राहिलास. बाहेर आल्यावर एवढंच विचारलंस, "हे आपलं जुनं आहे ना?" मी म्हटलं, थोडं मिसळलंय. "मग तसं दारावर लिही." लिहिते म्हटलं. पाटी रंगवायला घेतलीसुद्धा होती. पण त्याच संध्याकाळी वर्तमानपत्रवाले आले, आणि पाटी टेबलाखाली गेली ती गेलीच.

आता सुनावणीचं. इतके दिवस मी या जागेला वळसा घालून चालले आहे. बांध फोडून पाण्याला वाट द्यावी म्हणून तू आणि आणखी अकरा जणांनी धक्क्याच्या समितीकडे अर्ज केला होता. तू उभा राहून सांगत होतास की खेकडे गेले, गवत कुजलं, तळं मरतंय. त्यावर धक्क्याचा इंजिनियर उठला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "तळं मेलं म्हणणाऱ्यांनी ताईंच्या पिंपांना एकदा कान लावून यावं." सगळं सभागृह हसलं. तू हसला नाहीस, रागावलाही नाहीस. माझ्याकडे वळलास आणि लहानपणी अडलेलं गणित विचारायचास तशा आवाजात म्हणालास, "भुंगे, सांग यांना. तो आवाज कधीचा?"

आणि मी म्हणाले, "आवाज याच तळ्याचा आहे."

टाळ्या पडल्या. यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर तो जास्त नीच होता. पण मला टाळ्या नाही टोचत. मला टोचतं ते तुझं खाली बसणं. तुला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असतास तर चारचौघांत माझं तोंड काळं झालं असतं आणि तुमचा अर्ज वाचला असता. तू हातातल्या कागदाची नीट घडी घातलीस, वरच्या खिशात ठेवलीस आणि बसलास. बहिणीची अब्रू राखलीस आणि होडी घालवलीस. अर्ज फेटाळला गेला. आठ महिने झाले, त्या घडीपुढे माझी नजर सरकत नाही.

गेल्या आठवड्यात मी एकटी गेले. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून माइक सोडला आणि तासभर ऐकलं. पंप, पंप आणि पंप. एक मासा कुरकुरला, एकदाच. कुणी ओ दिली नाही. तिथून उठले ती गोदामात जाऊन कुलूप घातलं आणि समितीला लिहून दिलं, की पिंपांतला आवाज अठरा वर्षांपूर्वीचा आहे, हे मला माहीत होतं आणि मी लपवलं. त्यांनी येत्या गुरुवारी अकराला पुन्हा सुनावणी ठेवली आहे. ते पुरावा मागतात. माझ्या नुसत्या सांगण्यावर आता कोण विश्वास ठेवणार, आणि का ठेवावा?

पुरावा आहे, दादा, आणि त्यासाठीच हे पत्र. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तुझा आवाज आहे. तारीख, भरती की ओहोटी, वारा कुठला, पाणी किती हात. एकीत तर, "भुंगीने माइक धरलाय, आता शिंकली तर पाण्यात टाकीन." पिंपांत भरताना हे सगळं मी कापलं होतं. एकेक करून, बाराच्या बारा वेळा, तुला न विचारता. मूळ कॅसेटी शाबूत आहेत. तू हो म्हणालास तर गुरुवारी त्या भर सभेत, तुझ्या आवाजासकट, पहिल्यापासून वाजवीन. तू नाही म्हणालास तर खोकं उघडणार नाही. तारखा मीच वाचेन, मग लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. तू माफ करावंस म्हणून विचारत नाही. तुझा आवाज आहे, म्हणून विचारते. हो की नाही, ते वहिनीपाशी सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
भुंगी