संदर्भ क्रमांक एक

आदिलाबाद
सोमवार, कार्तिक शुद्ध पंचमी
१४ नोव्हेंबर १९८८

चि. यशवंत यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीचा गुडघा चकल्या तळेपर्यंत बरा होता. पाहुणे गेले आणि तो मूळ स्वभावावर आला. हैदराबादला तू दिवाळीतही वॉर्डातच होतास, असं ताईने लिहिलंय. एम.डी. होईपर्यंत निदान जेवत जा.

तुझ्या लेखाची प्रूफं शनिवारी माझ्या पत्त्यावर आली. बुधवारच्या टपालाने परत गेली पाहिजेत. छपाई देखणी आहे. मण्यारीच्या दंशावरचा हा लेख मण्यारीलाही आवडावा. संदर्भसूची मी तीनदा तपासली. आडनाव आधी, आद्याक्षरं मागून, मध्ये टिंब चालत नाही. लेखक सहा असले तर सगळे घ्यायचे; सातवा आला की पहिले तीन ठेवून बाकीच्यांचं 'आणि इतर' करायचं. सातव्याच्या येण्याने चौथा बुडतो, हा न्याय मला कुठल्याच शास्त्रात सापडला नव्हता. तू म्हणाला होतास, "मामा, तुम्हाला टीकाग्रंथांची सवय आहे, सूची तुम्हीच करा." केली.

शेवटचा आकडा सदतीस आहे. तुझ्या मसुद्यात तो अडतीस होता.

गळालेला संदर्भ पहिलाच होता. मुनेश्वर वि. ना., हस्तलिखित वही, १९७९ ते ८६. इंद्रवेल्लीकडच्या दवाखान्यात तुझ्याबरोबर होत्या त्या नर्स विमलबाई. सकाळी पोट दुखतं म्हणून माणूस येतो, अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही, आणि दुपारपर्यंत पापण्या मिटू लागतात. हे त्यांनी तू तिथे जायच्या पाच वर्षं आधीपासून टिपलं होतं. वहीत एक रकाना होता, रोगी रात्री बाजेवर झोपला होता की जमिनीवर. प्रत्येक ओळीत 'जमिनीवर'. आपला सगळा लेख त्या रकान्यावर उभा आहे, हे तूच मला समजावलं होतंस.

नियतकालिकाचा नियम असा की न छापलेली वही सूचीत घेता येत नाही. मजकुरात कंसात नाव घालता येतं, मात्र त्या व्यक्तीची लेखी परवानगी हवी. ऑगस्टात मी तुला कळवलं, 'विमलबाईंना विचारलं, त्यांना नाव नको आहे.' तू लिहिलंस, 'त्यांची इच्छा.'

मी विचारलं नव्हतं.

त्या हल्ली मावल्याला राहतात. तीन मैल. मी गेलोच नाही. गुडघा मामीचा दुखतो, माझा नाही, तेव्हा ती सबब चालायची नाही. खरं असं, की सूची टाइप होऊन समोर आली आणि लंडन-कलकत्त्याच्या बड्या नावांच्या डोक्यावर आपल्या विमलबाईंची शंभर पानी वही बसलेली दिसली. ते शोभेना. मनात हाच शब्द आला होता. त्याला नियमाची वस्त्रं मी नंतर नेसवली. पहिला आकडा काढला की पुढचे सगळे बदलावे लागतात, सूचीतले आणि मजकुरातलेही. त्यात दोन दिवस गेले. परवानगी आणायला एक सकाळ लागली असती.

आमच्या संस्कृत टीकाकारांची एक जुनी रीत आहे. ज्याचं मत घ्यायचं पण नाव घ्यायचं नाही, त्याला 'केचित्' म्हणून मोकळं व्हायचं, म्हणजे 'काही जण'. तुझ्या वाक्यात मी तेच केलं. 'काही स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या निरीक्षणानुसार.' इंग्रजीत फार भारदस्त वाटतं. छापलेलं वाचलं आणि शनिवारी जेवण गेलं नाही.

काल सकाळी मावल्याला गेलो. विमलबाई ओट्यावर बसून लसीकरणाची कार्डं लिहीत होत्या.

"जय भीम, सर. डॉक्टरसाहेब बरे हायेत ना? आमचं छापून आलं काय?"

'आमचं' म्हणाल्या, यशवंत.

मी प्रूफ काढलं. "मराठीत सांगा," म्हणाल्या. ते वाक्य सांगितलं.

"काही कर्मचारी? ते कोन?"

"म्हणजे तुम्हीच."

"मी तं एकलीच होती, सर. पावसात नाला चढला का गोंडांच्या गुड्यावर दुसरं कोनी येतच नव्हतं. मंग हे बाकीचे कवा आले?"

मी प्रूफाची घडी घातली. मग सगळं सांगितलं, तुला लिहिलेल्या खोट्यासकट, आणि परवानगीचा कागद पुढे ठेवला.

"म्हंजे मी नाई म्हनली, असं तुमी साहेबाले लिवलं?"

"हो."

"अन् आता काय लिवसान? बाई आता हो म्हनते? मंग मीच फिरली ना जबानीतून!" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सही करीन मी. पन आधी साहेबाले खरं लिवा. अन् पाकीट चिकटवू नका. उद्या मीटिंगले आदिलाबादले येऊन राह्यली मी. वाचीन, मंग सही."

तेव्हा हे पत्र तुझ्याआधी त्या वाचणार आहेत. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. माझी वही तपासली जाण्याचा योग आत्ता आला. सही मिळाली तर कंसात त्यांचं नाव घालून प्रूफ उद्या रजिस्टरने रवाना करीन. नाही मिळाली तर ते वाक्यच खोडावं लागेल, आणि मग तुझ्या लेखात काय उरतं ते तू जाणतोस.

माझ्या शब्दावर तू विश्वासलास, त्यात तुझी चूक नाही. मामाचा शब्द पडताळून पाहावा, अशी सूचना कुठल्याच नियतकालिकात नसते. यापुढे पडताळत जा.

तुझा
उद्धवमामा


डॉक्टरसाहेब, जय भीम. मी विमल. सरांनी पत्र वाचायला दिलं. वाचलं. सगळं बरोबर आहे, एक सोडून. सर ऑगस्टमध्ये आमच्या घरी आले होते. मला खिडकीतून दिसले म्हणून मी पाण्याचा गिलास भरून बाहेर आली, तर सर फाटकापासूनच वळून परत गेले. मी हाक मारली नाही. काऊन गेले ते मला समजलं. ते त्यांनी लिहायला पाहिजे होतं.
कागदावर सही केली आहे. नाव पूर्ण छापावे.
विमल नागोराव मुनेश्वर


यशवंत,
विमलबाईंनी लिहिलंय ते खरं आहे. गिलास मला दिसला होता.
उद्धव