स्वॅप अजून थोडा वाढव

सोम., ६ जाने.
वालीव. कारखान्यातला एकुलता एक कॉम्प्युटर सकाळपासून रडतोय. क्लिक करावं आणि चहा पिऊन यावं. कारण नेहमीचंच, म्हात्रे काका. साच्यांची ड्रॉइंगं करतात. हात सोन्याचा, पण काढलेलं ड्रॉइंग बंद म्हणून करत नाहीत. निम्मी सेव्हसुद्धा नाहीत. "बंद केल्यावर परत कोन शोधनार, पोरी?" शुक्रवारी वीज जाते तेव्हाही मशीन बॅटरीवर चालू.

रॅम, म्हणजे चालू कामाची जागा, भरली की बरेच दिवस न बघितलेलं सगळं डिस्कवर, स्वॅपमध्ये जातं. लागलं की परत आणायचं. प्रत्येक प्रोग्रामला मात्र वाटतं, सगळी जागा आपलीच! कॉम्प्युटर बघायचं काम माझं. मी स्वॅप वाढवला. चाललं. शेठ खूश. अहो, रॅम घ्या ना!

मंगळ., ७
शेठना सांगितलं, पुण्याची नोकरी पक्की, सोमवारी हजर व्हायचंय. "जा की. मशीन नीट करून जा." त्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही. आणि रॅम? "स्वॅप अजून थोडा वाढव." चालवून दाखवलं ना मी! आपल्याच हाताने पायावर धोंडा.

गुरु., ९
मशीनचं काम कमी, नेआणच जास्त. एक आणायला दुसरं बाहेर काढायचं, लगेच तेच हवं असतं. डिस्क भरली, स्वॅप वाढवायला जागा संपली. आता स्वॅपही भरला तर सिस्टीम सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या प्रोग्रामला मारणार. म्हणजे काकांची ड्रॉइंगं, न सेव्ह केलेली सगळी.
मग शेठ रॅम घेतील, मी सुटेन. मरू देत, असं वाटलं. खरंच वाटलं.
तुळिंजला घरी आई विचारते, बॅग भरायची का.

शनि., ११
राहवलं नाही. काकांना सांगितलं, सगळं जाईल. चेहराच उतरला. "बस पोरी, एकेक सेव्ह करू."
एकेक ड्रॉइंग वर यायला युग. पांढरी विंडो, डिस्कचा दिवा पेटलेला, आम्ही दोघं श्वास रोखून. दुपारपर्यंत चार वाचली, बंदही केली. बरीच बाकी.
तेवढ्यात शेठ. "म्हात्रे, अर्जंट पार्टी आहे. नवीन ड्रॉइंग घ्या."
काकांचा हात सवयीने माऊसकडे. मी मनगट धरलं.
"शेठ उभेत, पोरी."
"असू देत."
शेठनी पांढऱ्या विंडोकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी सकाळी ये, नवीन ड्रॉइंगचं तुझ्यासमोरच बघू."
सोमवारी तर पुण्याला हजर व्हायचंय.