खुंटीवरचा हार

किंक्रांत, १९७२. कर्जत, संध्याकाळ.

एस.टी.तून उतरतोय तोच हलगी वाजायला लागली आणि गळ्यात झेंडूचा हार पडला. लढाई जिंकून आलेला गावचा फौजी म्हणे! ‘आरं, मी नगरलाच हुतो!’ मी ओरडून सांगितलं. ऐकतो कोण?

वर्षभरात फौजेत नवे रणगाडे आले, नवी पोरं आली, लढाई झाली. मी मात्र नगरच्या मैदानावर पोरांना रणगाडा चालवायला शिकवत राहिलो. त्यातलाच आमच्या आळीतला नामदेव. सीमेवर गेला, तो परत आलाच नाही.

त्याची आई, सखूकाकू, गर्दीतून पुढं आली. ‘नामा भेटला हुता का रं तुला, लढाईत?’

तेव्हा तरी तो हार काढायचा!

‘व्हय काकू.’

‘जेवला हुता का?’

‘पोटभर.’

का बोललो असं? खरं सांगण्यासारखंही होतं की माझ्याकडं. नगरला रविवारी तो माझ्याच ताटात जेवायचा. पहिल्यांदा रणगाडा हलला तेव्हा ‘आये!’ म्हणून ओरडला होता. आता ते सांगू कुठल्या तोंडानं? शिकवणारा मी लढाईभर नगरलाच होतो, हे तिला कळेल.

हार खुंटीवर लटकतोय. काकू सकाळी येणार आहे, पुढचं ऐकायला.