मॅडमच्या वाट्याचं हसू

संत तुकाराम नगर, पिंपरी
१५ मे २०२५, गुरुवार

चि. अपेक्षा हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिथं मोबाइल जमा करून घेतात हे एका अर्थी बरंच झालं, नाहीतर तू कशाला लिहिलं असतंस? आज कंपनीला सुट्टी, म्हणून निवांत बसलेय. पप्पांची या आठवड्यात नाईट आहे, आत झोपलेत. शेजारच्या अंबूबाईंनी कैऱ्या दिल्या होत्या, त्यांचं लोणचं घातलंय.

नाश्त्याला रोज चार पदार्थ असतात, लायब्ररीत एसी आहे, हे वाचून बरं वाटलं. असायलाच पाहिजे! तीन आठवड्यांच्या कोर्सात माझी अख्खी भिशी गेली. वर टी-शर्टचे वेगळे, सहलीचे वेगळे, कपडे धुवायचेही वेगळे. पप्पा म्हणाले, "अगं, ही युनिव्हर्सिटी आहे का लग्नाचा हॉल?" पण बारावीच्या आधी तुला तिथं पाठवायचा हट्ट माझाच, त्यामुळे मी गप्प.

तुझ्या दोन पानांत 'आई' फक्त वरच्या ओळीत आहे. खाली सगळ्या विजयश्री मॅडम. मॅडम म्हणतात मी छान बोलते. मॅडमनी त्यांचं स्वतःचं पुस्तक वाचायला दिलं. मॅडमनाही माझ्यासारखंच कारलं आवडत नाही. मी तुला कधी जबरदस्तीनं कारलं खाऊ घातलं का गं? असो.

तू विचारलंयस, गेल्या शनिवारी धुतलेले कपडे आणि शेंगदाण्याची चटणी गेटवर ठेवून गेलेली मावशी कोण? कंपनीत माझ्या लाइनवरची एक बाई तिकडं जाणार होती, तिच्याकडं दिलं, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? मीच होते.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चाकणहून कंपनीच्या बसनं नाशिक फाट्याला उतरले, तिथून तुमच्या युनिव्हर्सिटीकडं जाणारी माणची बस धरली. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मावशी, मेसच्या बायकांनी मागच्या गेटनं जायचं."

मी सांगणारच होते की मी अपेक्षाची आई. तेवढ्यात आत कुणीतरी हसलं. खळखळून, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. कोण बाई ही एवढी मोकळी पोरगी, म्हणून बघितलं, तर तू. पायरीवर बसलेली, आणि मॅडम तुझ्या केसांत क्लिप लावत होत्या.

पोटच्या लेकीचं हसू मी ओळखलं नाही, अपेक्षा. कारण तसं ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

वॉचमननं विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"मावशी," म्हणाले, आणि पिशवी ठेवून निघाले. लाज वाटली म्हणून नव्हे. त्या कोटाची मला कधीच लाज नव्हती. मला त्या बाईचा राग आला होता. पोरगी माझी, भिशी माझी, आणि हसू हिच्या वाट्याला! आत जावं आणि तुला हाताला धरून घरी आणावं, असं मनात आलं. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. मला वाटलं चेष्टा करतील. पण ते म्हणाले, "इथं कशी हसेल ती? रांगायला लागल्यापासून तू तिला 'हळू, पप्पा झोपलेत' हेच सांगत आलीस."

मी भांडलेच. "मग काय करायचं होतं मी? तुमची झोपमोड होऊ द्यायची होती?"

"अगं, मी कंपनीत प्रेस मशीनच्या दणदणाटात उभ्याउभ्या डुलकी काढणारा माणूस," ते म्हणाले. "पोरीच्या हसण्यानं मला काय होणार होतं?"

त्यावर मला रडूच आलं.

मॅडमवरचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगते. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलंय ना, आम्ही दोघं येतोय. मी त्यांच्याशी नीट बोलेन, घरी जेवायलाही बोलावेन. त्या मला आवडतीलच असं मात्र नाही.

तू एवढं कर. घरी येशील तेव्हा जिना चढतानाच मोठ्यानं हाक मार. पप्पा झोपलेले असले तरी.

कान देऊन बसलेली,
तुझी आई