घेतली म्हणेपर्यंत

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचा जाड लिफाफा बघून घाबरू नकोस, त्यात फक्त तीन माहितीपत्रकं आहेत. सुट्टीत भिंगरीला बोटीच्या सहलीला न्यायचं ठरलंय. क्रूझ म्हणतात ती, पोटात पोहण्याचा तलाव नि सिनेमाघर घेऊन फिरणारी. जायचं नक्की, कुठे ते नक्की नाही. तुझी भावजय बेटांकडे झुकते, मी उत्तरेच्या बर्फाकडे, आणि भिंगरीची एकच अट आहे की बोटीला जिने असावेत. पाच वर्षांची झाली, तरी पाच मिनिटं एका जागी टिकत नाही. लाडाचं नाव जरा विचार करून ठेवायला हवं होतं.

तू छापखान्यात दिवसभर वेळापत्रकं नि असलीच पत्रकं तपासतेस. बारीक अक्षरात काय काय दडवलेलं असतं ते तुझ्याइतकं कुणाला दिसणार? लहान मुलाला घेऊन कुठे जावं, तेवढं सांग. फोनच करणार होतो. पण हल्ली आपलं फोनवर ‘बरंय ना’ आणि ‘बरंय’ याच्यापुढे काही सरकत नाही. पत्रात निदान पान भरावं लागतं.

माझं नेहमीचंच, दंतवैद्यांसाठी कवळ्या नि दाढा घडवणं. परवा एका आजोबांना कवळी इतकी नेमकी बसली की ते दवाखान्यातून हलेचनात, येईल त्याला हसून दाखवत होते. आम्ही तिघंच जाऊ म्हणतोय.

वेळ काढून लिही. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्रकं पोचली. तीनदा वाचली. दोन वर्षं झाली, मी सगळंच तीनदा वाचते. आमचे साहेब वैतागून म्हणतात की बाई, तुमचं वाचून होईपर्यंत गाड्यांच्या वेळा बदलतात.

आता ऐक. बेटांची सहल सात रात्रींची, त्यातले दोन दिवस चहूकडे नुसतं पाणी. डॉक्टर ‘उपलब्धतेनुसार’ आहे, म्हणजे नाही असं समज. बर्फाच्या सहलीत मुलांच्या खोलीशेजारी एक एवढीशी चांदणी छापली आहे. ती चांदणी शोधत मी शेवटच्या पानावर गेले, तर तिथे लिहिलंय की सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. भिंगरी दिवसभर तुमच्या केबिनमध्ये कोंडलेली, बाहेर थंडी! तुझे स्वतःचेच दात पडून परत येशील.

तिसरी घे. चार रात्री, बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते, रोज एक बंदर. डॉक्टर चोवीस तास. मुलांची खोली चौथ्या वर्षापासून, आणि तिथून मूल फक्त फॉर्मवर नावं दिलेल्या माणसांच्याच हाती देतात. बाबा असते तर त्यांनी डोळे मिटून हीच घेतली असती. क्रेनखाली उभं राहून हातानं इशारे करण्यात आयुष्य गेलेला माणूस! खालचा गडी ‘घेतलं’ म्हणून ओरडत नाही तोवर दोर ढिला सोडायचा नाही, हे त्यांनी घरातसुद्धा चालवलं. गरम कढई असो की तान्ही पोर, देणाऱ्यानं ‘दिली’ म्हणायचं, घेणाऱ्यानं ‘घेतली’, आणि मगच हात सोडायचा. तुझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की घरात सगळे अर्धवट आहेत.

ही बोट आपल्या जुन्या धक्क्यावरूनच सुटते, हे मी वाचलंय. तिथे काय झालं ते मी विसरलेले नाही. पण माझ्या चुकीपायी पोरीची चांगली सहल हुकू नये. मी निरोप द्यायलाही येणार नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

जिने चौदा आहेत. नकाशावर मोजले. तिला सांग.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्र आलं की दिवस बरा जातो, एवढं ध्यानात ठेव.
तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. चौदा जिने ऐकून भिंगरी सोफ्यावरून उडी मारून खाली आली. तुझ्या भावजयीलाही तिसरीच पटली.

पण मला काही ती रुचत नाही. एक तर सतरंज्या. फोटोत पाहिल्यास? तपकिरीवर पिवळे ठिपके, चार दिवस कोण बघणार! शिवाय चार रात्री म्हणजे बॅगा भरण्या-उपसण्यातच जायच्या. त्या धक्क्यावर गाडी उभी करायला जागा नसते, वासही येतो. मी बेटांचंच बघतो. डॉक्टर नसला तर नसला, मी आहे की, निदान दातांपुरता.

कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. रागावू नकोस, जीव लावतेस तसाच लाव.
तुझा,
धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सतरंज्या! अरे, तुझ्या स्वतःच्या घरातल्या सतरंजीचा रंग सांग बघू, न बघता. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. कारण एक असलं की माणूस एकच सांगतो, तू चार सांगितलीस.

खरं कारण मला ठाऊक आहे. तू मला सांभाळून घेतो आहेस. त्या धक्क्याचं नाव घरात निघालं की माझा विषय निघणार, बायको गप्प होणार, आणि मला ते कळणार. म्हणून तू पोरीला डॉक्टर नसलेल्या बोटीवर न्यायला निघालास. असं करू नकोस. माझ्या शरमेचं ओझं तू वाहू नकोस.

त्या दिवसाबद्दल मी कधी धड बोलले नाही, आज लिहिते. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तिकिटं मी दातांत धरली होती. गर्दी पुढे ढकलत होती. एवढंच आठवतं. त्याच्यापुढे एकदम भावजयीचा चेहरा आठवतो, भिंगरी कुठाय असं ओरडणारा. ती तिकिटं अजून माझ्या खणात आहेत, चारही तिकिटांवर दातांचे वळ आहेत. मी ती काढून बघते. ‘घेतली’ कधी म्हटलं ते आठवायचा प्रयत्न करते, न्हाणीघरात उभी राहून मोठ्यानं म्हणूनही बघते. आठवत नाही. पण तू ऐकलंस म्हणतोस, तर म्हटलं असणार. तू कशाला खोटं सांगशील?

तेव्हापासून मी कुणाचं मूल हातात घेतलेलं नाही. शेजारणीला जुळी झाली, मी सर्दीचं निमित्त करून दारातूनच परत आले. पुन्हा एकदा माफी मागते, तुझी आणि तुझ्या बायकोची. तिसरी बोट घ्या.

आशीर्वाद आहेतच, घेणाऱ्यानं घ्यावेत.
तुझी,
ताई

१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा लिहितो आहे आणि फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

ताई, तू ‘घेतली’ म्हटलं नव्हतंस.

त्या दिवशी मला एका दंतवैद्यांचा फोन आला. मी पाठवलेला दात उंच झाला होता, रोग्याचं तोंड मिटत नव्हतं, ते माझ्यावर तोंडसुख घेत होते. भिंगरीचा हात माझ्या डाव्या हातात होता. मी पाठमोराच ‘ताई, दिली’ म्हणालो आणि हात सोडला. थांबलो नाही. तू ऐकलंस की नाही ते वळून बघितलंसुद्धा नाही. फोन संपला, वळलो, तर तू पिशव्या सावरत एकटीच उभी. दातांत तिकिटं होती, ताई. मी बघितली होती. पंधरा वर्षं लोकांची तोंडं मिटवतो आहे, दातांत कागद धरून माणसाला शब्द उच्चारता येत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही.

बायकोनं विचारलं की मुलगी कुणाकडे होती. माझ्या तोंडून निघालं की ताईनं घेतली म्हटलं. एवढंच वाक्य. मग चाळीस मिनिटं आपण सगळे वेड्यासारखे धावत होतो, आणि ती फेरीबोटीबरोबर पलीकडच्या तीरावर जाऊन, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून, तिकीट तपासनिसाची शिट्टी वाजवत परत आली. सगळे रडत होते. मी ठरवलं की उद्या सांगीन. पण तू दुसऱ्या दिवशी माझ्याआधीच माफी मागायला आलीस. मी तुला चहा करून दिला आणि मूग गिळून बसलो. तेव्हापासून रोज उद्याच उजाडतो आहे.

तुला सांभाळून घेत नव्हतो, ताई. मलाच त्या धक्क्यावर पाय ठेववत नाही. सतरंज्या, बॅगा, वास, सगळं त्याच्यासाठी.

तुझं पत्र वाचूनही मी गप्प राहिलो असतो, इतका मी वाया गेलेला आहे. पण रविवारी तुझ्या भावजयीनं तिसऱ्या बोटीचा फॉर्म आणला. मूल कोणाच्या हाती द्यावं, तिथे तीन ओळी आहेत. दोन आम्ही भरल्या. तिसरीवर आत्याचं नाव घाला असं भिंगरी म्हणाली. तिच्या आईनं तिला जवळ घेऊन हळूच सांगितलं की आत्या कधीकधी विसरते. रागानं नाही, समजावणीच्या सुरात. मी ऐकत होतो. संध्याकाळी भिंगरी खाटेखाली बसून तिच्या बाहुलीला बजावत होती की आत्याकडे हात द्यायचा नाही, आत्या विसरते. माझं खोटं माझ्या मुलीच्या तोंडात जाऊन बसलं होतं. मला तिथून हलता येईना.

बायकोला त्याच वेळी सांगितलं. ती उठून फॉर्म घेऊन आली आणि तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मग भिंगरीला बोलावून तिलाही सांगितलं की हात बाबानं सोडला होता. तिनं विचारलं की तू विसरतोस का. मी हो म्हणालो.

माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. माया ठेव म्हणायलाही जीभ रेटत नाही.
धाकटा

२ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. मला लिहिता येत नाही तसं, पण हे मीच लिहायला हवं.

धक्क्यावर तुमच्या तोंडात तिकिटं होती, ती मीच तुमच्या दातांतून ओढून काढली, तुमच्याच पिशवीत कोंबली आणि मग तुमच्यावर ओरडले. माझ्या हातानं काढली आणि तरी मला उमजलं नाही. एकदाही तुम्हाला विचारलं नाही की वन्सं, खरंच म्हणालात का. भिंगरीला तुमच्याकडे एकटी ठेवायचं मी बंद केलं, तुम्ही यायच्या म्हटलं की काही ना काही काम काढलं. तुम्ही सगळं समजून गुपचूप घरी बसलात. आठवलं की माझी मान वर होत नाही.

फॉर्मची तिसरी ओळ मोकळी ठेवून तो सोबत पाठवते आहे. तिथे घेणाऱ्याची सही लागते. तिकिटं चार काढली आहेत. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी आग्रह कुठल्या तोंडानं करू? भिंगरीनं बाहुलीला नवीन काहीतरी सांगितलंय, पण ते ती तुम्हालाच सांगणार म्हणते.

चुकलेली, पण तुमचीच,
भावजय

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिला तो सवयीनं. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज काहीतरी वेगळंच लिहावंसं वाटत होतं. पहिल्या दिवशी लिहिलं की जाऊ दे, माफ केलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते मला खोटं वाटलं, खोडून टाकलं.

तू घाबरलास, हे मी समजू शकते. पोर दिसेना तेव्हा माणसाच्या तोंडून काहीही निघतं. पण चहा करून दिलास तो दिवस मला समजत नाही. मी तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्या पाया पडायची तेवढी राहिले होते, आणि तू साखर किती विचारलंस. दोन वर्षं मी माझ्याच डोळ्यांवर नि कानांवर विश्वास ठेवला नाही. छापलेला आकडासुद्धा बोट ठेवून वाचते. ती दोन वर्षं तू कुठून आणून देणार आहेस? हा राग इतक्यात जाणार नाही. तू तो सोस.

तुझ्या बायकोला वेगळं पत्र लिहिते आहे. तिच्यावर माझा राग नाही, तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला एवढाच तिचा गुन्हा.

काल शेजारणीकडे गेले. जुळी आता बसायला लागली आहेत. तिनं एक माझ्याकडे दिलं. माझ्या तोंडून ‘घेतलं’ निघालं, नको तेवढ्या मोठ्यानं, पण निघालं. ती बिचारी बघतच राहिली, की ही बाई मूल घेताना असं का ओरडते.

फॉर्म तीनदा वाचला. तिसऱ्या ओळीवर सही केली आहे, परत पाठवते. मी येईन. बोटीवर तुझ्याशी किती बोलेन ते सांगता येत नाही, सतरंज्यांचा विषय काढलास तर अजिबात बोलणार नाही.

एक मात्र करायचं. धक्क्यावर, त्याच ठिकाणी, भिंगरीचा हात तू माझ्या हातात द्यायचास. बायकोनं नाही, तू. फोन घरी ठेवून ये. माझ्याकडे तोंड करून ‘दिली’ म्हण आणि मग थांब. त्या जागी माझा आवाज फुटायला वेळ लागेल. लोक मागून ढकलतील, बोटीचा भोंगा होईल, होऊ दे. मी ‘घेतली’ म्हणेपर्यंत हात सोडू नकोस.

तुझी,
ताई