चालण्याचे तुकडे

रविवार, १४ जून. सकाळचे सव्वासात. खाली भट्टीतून पहिले पाव निघत आहेत आणि मी वरच्या खोलीत पिठाच्या दोन पोत्यांवर फळी टाकून तिच्यावर वही ठेवली आहे.

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. तुमची खुशाली विचारत नाही, ती काल संध्याकाळी सातला आपल्या चॅनेलवर अपलोड झाली आणि मी पाहिली.

कागदावर का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर लिहिलं असतं, तर त्याचा फोटो पडद्यावर आला असता. मागे ते हळू वाजणारं पियानो (मीच निवडलेलं) आणि वर ठळक अक्षरांत, "सख्ख्या भावाने साथ सोडली". म्हणून कागद. एकच विनंती आहे, हे पत्र कॅमेऱ्यासमोर उघडू नकोस. भाऊजी म्हणतील उघड, तरी नको.

राहायची सोय लागली. बेकरीवाल्या मित्राने ही खोली दिली आहे. तो मला मास्तर म्हणतो, कारण त्याच्या दुकानाच्या पाटीवरच्या दोन चुका मी मागे दुरुस्त करून दिल्या होत्या. पहाटे मी त्याचे ट्रे मोजून गाडीत चढवतो आणि दुपारी पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवतो. "दहावी नापास माणसाला दारात कोण उभं करणार?" असं भाऊजी म्हणाले होते ना? त्यांना सांग, बेकरीवाल्याने केलं. मार्कशीट मागितली नाही. फक्त म्हणाला, "मास्तर, पिठात हात घालण्याआधी धुवायचे."

झोप बरी लागते. अंगाला मात्र यीस्टचा वास येतो.

सवयीने अजून रोज कमेंट वाचतो. पासवर्ड तुम्ही बदललेला नाही. काळजी करू नकोस, मी एकही उडवलेली नाही. आता ते माझं काम नाही. "अचानक आमच्या चिमणीला काय झालं?" या व्हिडिओखाली ढीग पडला आहे. निम्मे लोक रडके चेहरे टाकतात. बाकीचे लिहितात, "पोरीच्या हसण्यावर कमावलंत, आता कुबड्यांवर कमवा." एकाने लिहिलं आहे, "या मुलीला शाळेचा वर्ग कमी आणि अम्युझमेंट पार्कचे रस्ते जास्त पाठ असतील." दुसऱ्याने तुझ्या वजनावर लिहिलं आहे, तिसऱ्याने भाऊजींच्या टकलावर. आणि एका माणसाने चिमणीबद्दल असं काही लिहिलं आहे की ते मी इथे उतरवणार नाही.

तसल्या माणसांसाठीच भाऊजींनी तो नियम केला होता, हे मला मान्य आहे. "आपल्या पोरीच्या अंगाविषयी एक अक्षर दिसलं की उडव. विचार करत बसू नकोस." नियम चांगलाच होता. दोन वर्षं मी तो पाळला. तू सकाळी उठून फोन हातात घ्यायचीस, तेव्हा तुझ्यासाठी फक्त बदामाचे आकार आणि "किती गोड कुटुंब!" उरलेलं असायचं. घर झाडून ठेवावं तसं मी ते झाडून ठेवायचो.

खडूसबाई आठवते का? आठवत असेलच, तिने स्वतःच ते नाव घेतलं होतं. प्रत्येक व्हिडिओखाली पहिली हजर. "एवढे तळलेले बटाटे पोरीला? घरी चूल नाही का?" "पाळण्यात बसलात की कॅमेऱ्यात?" "आई आहेस की बसची कंडक्टर, सारखी पुढे चला, पुढे चला!" तू तिची नक्कल करायचीस, नाक वर करून, पदर नसताना पदर खोचून. आपण किती हसायचो. भाऊजीसुद्धा हसायचे, आणि ते सहसा शूटिंग नसताना हसत नाहीत.

तिनेच एकदा लिहिलं होतं, "पाट्या तेवढ्या शुद्ध असतात. बाकी सगळं भिकार." ती कमेंट मी उडवली नव्हती, तुला सांगितलं नाही. पडद्यावरच्या पाट्यांचं प्रत्येक अक्षर मी शब्दकोशात बघून लिहायचो आणि दोन वर्षांत ते फक्त तिला दिसलं.

खालून हाक आली. ट्रे भरले. बाकीचं उद्या.


सोमवार, दुपार

काल भरपूर लिहिलं आणि मुद्द्याच्या भोवती फिरत राहिलो. आज सरळ लिहितो.

तुला माझ्या कामाची पद्धत ठाऊक आहे. पार्कमध्ये दिवसभराचं सहा-सात तासांचं शूटिंग व्हायचं आणि त्याची वीस मिनिटं करायची. सगळ्यात आधी काय जायचं? चालणं. एका पाळण्यापासून दुसऱ्या पाळण्यापर्यंतचं चालणं कोणी बघत नाही, लोक पुढे ढकलतात, असं भाऊजी म्हणायचे आणि ते खरंही आहे. म्हणून आपल्या व्हिडिओत चिमणी कधी चालतच नाही. ती फाटकाशी असते, मग एकदम झोक्यात, मग एकदम पाण्याच्या घसरगुंडीवर. जणू उडत जाते. लोक म्हणायचे, "काय उत्साह आहे पोरीत!"

फेब्रुवारीच्या व्हिडिओत एक तुकडा राहिला. बाहुल्यांची मिरवणूक चालली होती आणि तिच्या मागून चिमणी येत होती. रंग छान आले होते, म्हणून मी तो ठेवला. अकरा सेकंद. त्यात ती कठड्याला हात लावून चालते आहे.

त्याखाली खडूसबाईने लिहिलं, "पोरगी उजव्या पायावर भार देत नाही. डोळे फुटलेत का घरातल्यांचे? डॉक्टरला दाखवा."

अंगाविषयी अक्षर होतं. मी उडवलं. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा उडवलं. तिसऱ्या वेळी तिने शिव्या दिल्या नाहीत, नुसतं लिहिलं, "माझ्या मुलाचं असंच सुरू झालं होतं. दाखवा हो कुणीतरी." मी तिला ब्लॉक केलं. नंतर जेवायला बसलो. त्या दिवशी जेवण व्यवस्थित गेलं, हे लिहिताना मला लाज वाटते.

मेच्या अखेरीस चिमणी जिन्यात बसली आणि उठेना, तेव्हा आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फोटो काढून खुब्याचं हाड दाखवलं. तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आहे, म्हणाले. गोळा झिजतो, जितका उशीर तितकं वाईट, आणि आता पायावर भार नको. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून लंगडते?"

तू म्हणालीस, "आठवडा झाला असेल."

मी दाराशी उभा होतो. माझ्या हातात कॅमेरा होता आणि तो चालू होता.

बाहेर बाकावर चिमणीने मला विचारलं, "मामा, आठवडा म्हणजे किती?" मी म्हटलं, सात दिवस. तिने बोटांवर मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात फ्रॉकखाली घातले. सहा वर्षांची पोर, ताई. तिला कळलं होतं की मोठी माणसं आत काहीतरी वेगळं बोलून आली, आणि हेही कळलं होतं की आपण त्यावर बोलायचं नाही.

घरी येऊन मी तो व्हिडिओ कापला. "अचानक" हा शब्द पिवळ्या अक्षरांत मीच टाकला. शुद्ध लिहिला.

मग टेबलावरचं ते सगळं झालं. भाऊजी म्हणाले, "चाकाच्या खुर्चीला पार्कवाले रांगेशिवाय सोडतात. पुढचा व्हिडिओ, 'चिमणीची जिद्द'. लोकांची तोंडं बंद होतील बघ." मी म्हटलं, मी कापणार नाही. ते म्हणाले, "मग करणार काय तू? टॅक्सी पुसणार?" मी तुझ्याकडे बघितलं. माझी शाळा सुटली तेव्हा तू तुझ्या बांगड्या मोडून मला एडिटिंगच्या क्लासला घातलं होतंस, म्हणून तुझ्याकडेच बघितलं. तू ग्लासाला टेकवून फोन उभा ठेवला होतास. कोपऱ्यात लाल ठिपका जळत होता.

तेव्हा मी पायात चपला घातल्या.


मंगळवार, १६ जून

आज सकाळी डॉक्टरांना भेटून आलो. तुला न विचारता गेलो. रागावशील.

मी कापलेलं फेकत नाही, हे तुला माहीत आहे. सगळं तारखेनुसार लावून ठेवतो. काल संध्याकाळी बसून मी चालण्याचे तुकडे काढले, नोव्हेंबरपासूनचे. तिकीट खिडकीपासून फाटकापर्यंत, झोक्यापासून पाण्यापर्यंत, संध्याकाळी गाडीपर्यंत. एकापाठोपाठ एक जोडले. गाणं नाही, पाटी नाही, कोपऱ्यात फक्त तारीख. तू केलेलं माझ्या कामाचं सगळं कौतुक मान्य, पण ताई, इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. नोव्हेंबरात ती पळते. डिसेंबरात पळते. जानेवारीच्या शेवटी रांगेत उभी असताना एक पाय दुसऱ्यावर ठेवते. फेब्रुवारीत कठडा. मार्चमध्ये ती भाऊजींना म्हणते, "बाबा, उचला ना," आणि तुझा आवाज येतो, "नाटकं नकोत हं, दोनच राइड राहिल्या." एप्रिलमध्ये ती उचला म्हणत नाही.

डॉक्टर घाईत होते. "तुम्ही कोण?"

"मामा."

"आईवडील?"

"कामावर आहेत."

त्यांनी बघितलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा खुर्चीवर बसून. जानेवारीशी थांबवलं, पुन्हा मागे नेलं. मग म्हणाले, "मला आठवडा सांगितला होता. हे साडेचार महिने आहेत. नुसत्या पायाच्या पट्ट्यावर भागेल की ऑपरेशन करावं लागेल, ते आता नव्याने बघायला हवं." थोड्या वेळाने विचारलं, "इतकं नीट टिपलंय, मग कोणी पाहिलं कसं नाही?"

मी म्हटलं, "एका बाईंनी पाहिलं होतं."

"मग?"

मग काय, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण ते आपल्या दोघांचंच आहे.

कालच्या पानावर मी लिहिलं की कमेंट मी उडवली. खरं आहे. पण त्याआधी तुला ती वाचून दाखवली होती. तू आरशासमोर केस विंचरत होतीस. शूटिंगला निघायचं होतं. मी वाचलं, "उजव्या पायावर भार देत नाही." तू कंगवा थांबवलास. चिमणी बाहेर मोजे घालत होती, तू दारातून तिच्याकडे बघितलंस. चांगलं बघितलंस. मग म्हणालीस, "आता हिला पायपण दिसायला लागले! उडव रे." आणि नाक वर करून नक्कल केलीस. मी हसलो.

शनिवारी आलेल्या व्हिडिओत तू डोळे पुसत म्हणतेस, "आम्हाला कोणीतरी एका शब्दाने सांगितलं असतं." तो कंगवा मला तिथेही दिसत होता.

खडूसबाईला मी आज मोकळं केलं. उडवलेलं नुसतं लपतं, पुसलं जात नाही; तिच्या तिन्ही कमेंट फेब्रुवारीच्या व्हिडिओखाली पुन्हा दिसतात, शिव्यांसकट, तारखेसकट. तू त्या परत उडवू शकतेस, बटण तेच आहे. ती स्वतः मात्र पुन्हा कुठे आलेली नाही. नव्या व्हिडिओखालीही नाही. लोकांनी आता आपल्याला जे काही म्हटलं आहे, त्यात तिचं एक वाक्य नाही, आणि तिलाच तेवढा हक्क होता.

गुरुवारी तुमची वेळ आहे. डॉक्टर पुन्हा विचारतील, "कधीपासून?" त्यांना उत्तर माहीत आहे. तू काय सांगतेस, ते अजून ठरायचं आहे. चिमणी शेजारी बसलेली असेल. कॅमेरा घरी ठेवून जा.

हे पत्र बेकरीवाला सकाळच्या फेरीत तुमच्या दारात देईल. पाकिटात एक कार्ड आहे, त्यावर तेच चालणं आहे. एकटी बघ.

आता हिशेब, म्हणजे मागून बोलणं नको.

खर्च: मेमरी कार्डं दोन, ६४०. बस जाऊन-येऊन, ४०. डॉक्टरांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

येणं: मेचा माझा पगार. तो नको. त्यात "अचानक" आहे.

देणं: कॅमेऱ्याचे पाच हप्ते. भाऊजींनी तो माझ्या नावावर घेतला होता, तेव्हा हप्ते मी भरीन. कॅमेराही माझ्याच नावावर आहे, तो याच माणसाबरोबर परत पाठव. फोनवरही शूटिंग होतं, हे मला कळतं.

आणखी एक देणं, तुझं माझं मिळून. गोल फिरणारे लाकडी घोडे. चिमणीने तीनदा मागितले. बसून राहायचं असतं, म्हणून. तिन्ही वेळा तू म्हणालीस, "पुढच्या वेळी नक्की," आणि तिन्ही वेळा मी ते कापलं. कार्डाच्या शेवटी तिन्ही जोडले आहेत. ते अजून द्यायचे आहेत.

तुझा धाकटा भाऊ
("कॅमेऱ्यामागचा मामा" हे नाव आता दुसऱ्या कोणाला द्या.)